पंधरा कूप आणि चाळीस शेळ्या

शामकांत नृसिंह टाकळीकर या नावाने कुणी राहुरीत चौकशी केली असती, तर निम्मं गाव नुसतं तोंडाकडे बघत राहिलं असतं. ‘पंधरावर्षे’ म्हटलं की मात्र शेंबडं पोरसुद्धा घर दाखवी. हे नाव गावाने ठेवलं होतं आणि शामकांतपंतांनी ते मोठ्या निष्ठेने कमावलं होतं. कुणाच्या मुलीची सोयरीक जमो, कुणाच्या विहिरीला पाणी लागो, पंत गप्पांचा ओघ वळवून वळवून आपल्या बाभळीच्या बनापाशी आणत आणि शेवटी बोट वर करून म्हणत, “आज नाही कळायचं. पंधरा वर्षांनी बघा.” एका बारशाला गेले असता पाळण्यातल्या पोराकडे कौतुकाने बघून ते म्हणाले, “वा! हा आमच्या दुसऱ्या कुपाच्या बरोबरीचा.” तेव्हापासून टाकळीकर हे आडनाव बुडालं ते बुडालंच.

पंतांचं अक्षर मात्र असं की बघत राहावं. राहुरीला येण्याआधी अठरा वर्षं ते नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याला जंगल खात्याच्या कचेरीत नक्कलकार होते. डोंगरातल्या जंगलांच्या योजना साहेब लोक खरडून देत आणि पंत त्या सुवाच्य अक्षरात उतरवून काढत. कोणत्या वर्षी कोणता कूप तोडायचा, म्हणजे जंगलाचा कोणता तुकडा, आणि तो पुन्हा कसा वाढवायचा, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. अठरा वर्षांत जंगलात मात्र ते दोनदाच गेले. एकदा साहेबांची छत्री राहिली होती ती आणायला, आणि एकदा वाट चुकून.

त्यांच्या लिखाणात खाडाखोड नसे. कागदावर शाईचा ठिपका पडला तर ते तो कागद टाकून देत आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात करत. त्यांच्या पत्नी दमयंतीबाई सांगत, “आमच्या लग्नाची याद लिहिताना यांचा एक काना जास्त पडला. सबंध याद पुन्हा लिहीपर्यंत पंगतीतलं वरण गार झालं. मी तेव्हाच ओळखलं, आपला संसार सुबक होणार, पण जेवण गरम मिळणार नाही.”

असा हा माणूस एकोणीसशे चाळीस साली काकासाहेबांच्या कारखान्यात कारकून म्हणून आला. काकासाहेब मुळातले शेतकरी. स्वतःच्या डोक्याने त्यांनी मुळा नदीच्या काठी बैलगाड्यांचा आणि औतांचा कारखाना काढला होता. चाकाचा तुंबा, आरे, जू, पाभर, जे काय करायचं ते बाभळीचं. आणि बाभूळ विकत आणायची गरज नव्हती, कारण कारखान्याला लागूनच त्यांचं दीडशे एकरांचं बाभूळबन होतं. सुतारांना हवं तेव्हा ते बनात जात आणि हवं ते झाड पाडत. अर्थात सरळसोट तेच पाडत. वाकडी झाडं मागे राहत आणि दरसाल आणखी वाकडी होत.

एकदा काकासाहेबांनी सहज विचारलं, “पंत, हे बन आपल्याला किती दिस पुरंल?”

अठरा वर्षं ज्या प्रश्नाची उत्तरं नकलून काढली, तो प्रश्न आज प्रथमच कुणी पंतांना विचारला होता. त्यांनी चष्मा पुसला. “असंच तोडत राहिलात तर दहा वर्षं. माझ्या योजनेने तोडलंत तर कधीच संपणार नाही.”

“कदी म्हंजी कदीच?”

“बनाचे पंधरा कूप पाडायचे, दहा-दहा एकरांचे. दर हिवाळ्यात एकच कूप तोडायचा आणि मृगात तिथे नवं बी पेरायचं. पंधरावा कूप तोडून होईतो पहिला पुन्हा तोडणीला आलेला असेल.”

काकासाहेबांनी बोटांवर मोजलं. “म्हंजी पंधरा भावांनी पाळीनं कुळाचार करायचा, तसं. एकाला एकदा निस्तरलं की पंधरा वर्सं घोर न्हाई.”

“अगदी तसंच,” पंत म्हणाले.

पंतांनी लाल कापडाच्या बांधणीच्या वहीत बत्तीस पानांची योजना लिहिली. काय ती पानं! समास दोरीने आखल्यासारखा, आकडे एकाखाली एक, खाडाखोडीचं नाव नाही. आणि पहिल्या पानावर पहिलं कलम, ‘बनात शेळ्यांस सक्त मनाई असावी.’ हे कलम कुठून आलं? अकोल्याहून. तिथल्या डोंगरात शेळ्या कोवळे फुटवे फस्त करत, म्हणून साहेब लोक हे कलम आधी घालत आणि पंत ते आधी उतरवत. बाभूळ अकोल्याच्या त्या डोंगरात नव्हती, आणि बाभळीचं आपलं काही निराळं असेल हे पंतांच्या डोक्यात आलं नाही. नक्कल करणाऱ्याने विचार करायचा नसतो, ही सवय अठरा वर्षांची होती.

या कलमाचा पहिला फटका बसला तो बनुबाईला. बनुबाईच्या चाळीस शेळ्या होत्या. तिच्या सासूच्या काळापासून उन्हाळाभर तिचं वाडगं, म्हणजे काटेरी फांद्यांचं शेळ्यांचं आवार, बनातच असे. चैत्र-वैशाखात बाभळीच्या शेंगा पडत आणि शेळ्या त्या खाऊन टुमटुमीत होत. त्या वर्षी ती शेळ्या घेऊन आली तो बनाला कुंपण, कुंपणाला फाटक आणि फाटकाशी काठी घेऊन कानिफनाथ राखणदार. शेजारी छत्री घेऊन पंत.

“पंत, माज्या शेळ्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?” तिने विचारलं.

“शेळी ही बनाची वैरीण आहे, बनुबाई. तुला आत जाता येणार नाही. नियम आहे.”

“कुनी केला नेम?”

“मी.”

“मंग मोडा की तुमीच.”

पंत हसले. अडाण्याला समजावून सांगताना शहाणी माणसं हसतात, तसे. मग त्यांनी तिला पंधरा कूप समजावून सांगितले. बनुबाईने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “पंधरा वर्सं? माजी शेळी चौदा म्हयन्यात दोनदा विती. तुमचं झाड लईच आळशी हाय, पंत.” मग तिने शेळ्या वळवल्या आणि कुंपणाबाहेर ओढ्याच्या काठाला वाडगं घातलं.

पहिला कूप त्या हिवाळ्यात तुटला. मृग लागताच पंतांनी निवडून, पाखडून, धुऊन चकचकीत केलेलं बी दहा एकरांत पेरून घेतलं. मग ते रोज सकाळी छत्री घेऊन बनात जाऊ लागले. आणि इथे एक गंमत झाली. आयुष्यभर कागदावरची झाडं तोडलेल्या या माणसाला खऱ्या झाडांचा लळा लागला. बाभळीची पिवळी फुलं, तिचा खरबरीत काळा बुंधा, सुगरणींचे खोपे, हे सगळं ते घरी येऊन दमयंतीबाईंना असं सांगत की जणू हे जगात प्रथमच घडतंय.

बी काही उगवलं नाही. दहा एकरांत मिळून सदुसष्ट रोपं आली, आणि पुढे त्यांतली नऊ तरवडाची निघाली.

पंत म्हणाले, बी जुनं असेल. दुसऱ्या वर्षी ताजं बी, रात्रभर शेणकाल्यात भिजवून. या खेपेला शंभरावर रोपं आली आणि दहा एकर तसेच बोडके राहिले. लागोपाठचे दोन कूप उजाड पडले. गावात लोक विचारू लागले, “काय पंत, बाभळीनं मोड काढला का, का पंधरा वर्सांनी काढनार?” पंत छत्री पुढे धरून वाट बदलत. योजनेला ते इतके दिवस जपत आले होते, आणि तीच योजना दर हिवाळ्याला बनाचा एक घास घेऊन परत काही देत नव्हती. रात्री जेवताना ते हातातला घास तसाच धरून बसत.

त्यातच लढाई. नगरच्या छावणीसाठी तंबूच्या मेखांची मागणी निघाली, आणि बाभळीच्या मेखेसारखी मेख नाही. बेचाळीसच्या दसऱ्याला नगरहून छगनशेठ नावाचे ठेकेदार आले. त्यांनी बनाकडे असं पाहिलं की भुकेल्याने पंगतीकडे पाहावं. “काकासाहेब, सगळंच द्या. एका हिवाळ्यात मोकळं करून देतो. मेखेला काय, जाड-बारीक सगळं चालतं.”

काकासाहेबांनी पंतांना बोलावलं. चांगला माणूस, पंतांच्या तोंडाकडे न बघता बोलला. “पंत, तुमच्या हिशेबानंबी बन संपतंयच की. दरसाल धा एकर जातंय आनि माघारी काय येत न्हाई. मंग एकदम गेलं तर काय बिगडलं? तरी एक साल देतो. येत्या दसऱ्याला मी तिसऱ्या कुपात येनार. तितं नवी बाभूळ दिसली तर बन तुमचं. न्हाई दिसली तर शेठचं.”

काकासाहेबांचा एक रिवाज होता. दसऱ्याला सकाळी ते आपल्या सगळ्या जमिनीवरून अनवाणी फिरत. काळ्या आईवर वर्षभर वहाणा घालून चालतो, एक दिवस तरी तिला पाय लागावा, असं त्यांचं म्हणणं. कारखाना झाल्यापासून त्यांचे पाय मऊ झाले होते, पण रिवाज सुटला नव्हता.

एकोणीसशे त्रेचाळीस उजाडलं. तिसरा कूप तुटला. मृगात पंतांनी तिसऱ्यांदा बी पेरलं, या वेळी प्रत्येक ओळीला स्वतः हजर राहून. आषाढ सरत आला. दोन-चार चांगल्या सरी पडून गेल्या. तिसऱ्या कुपात गवत आलं, टाकळा आला, रेशमासारखा हिरवागार माळ झाला, बाभूळ तेवढी आली नाही. पंतांना ताप भरल्यासारखं झालं. कचेरीतून दुपारीच घरी येऊन ते ओसरीवर बसून राहिले.

समोर अंगणात दमयंतीबाई वांग्यांच्या वाफ्यात वाकून काही तरी उपटत होत्या आणि तोंडाने अखंड बोलत होत्या. त्यांनी बोट तोंडात धरलं आणि त्या वैतागून उभ्या राहिल्या.

“ऐकलंत का? तुमच्या बनात म्हणे बाभूळ उगवत नाही. आणि माझ्या वांग्यांत उपटून उपटून हात फुटले! रोज चाळीस-पन्नास काढते, रोज तितकीच पुन्हा. एवढीएवढीशी रोपं, पण काटा बघा मेल्यांचा!”

पंत म्हणाले, “वांग्यांना काटे असायचेच.”

“अहो, वांगं मला कळतं! ही बाभूळ आहे.”

पंतांनी मान डोलावली आणि पुन्हा शून्यात पाहू लागले. विद्वान माणसाला उत्तर अंगणात येऊन बसलं तरी तो आधी पुस्तकात बघतो. दमयंतीबाई आणखी तीन रोपं उपटून त्यांच्यासमोर ओसरीवर टाकून आत गेल्या. पंतांची नजर त्या रोपांवर पडली. बारीक, दुहेरी पानं, देठाशी पांढरे कोवळे काटे. ते अनवाणीच अंगणात उतरले.

“अगं, या वाफ्यात काय घातलंस?”

“काय घालणार? लेंडीखत. दरसाल बनुबाईकडून आणते ते.”

पंत वाफ्यात गुडघे टेकून बसले. हातात माती घेतली. लेंड्या आणि लेंड्यांत बाभळीच्या बिया, चांगल्या फुगून तडकलेल्या. शेळी शेंगा खाते, रात्री वाडग्यात रवंथ करताना निम्म्या बिया थुंकते, उरलेल्या दुसऱ्या वाटेने टाकते. पोटात भिजून, कढून बीचं कठीण टरफल मऊ पडतं. जे पंतांना शेणकाल्यात साधलं नाही ते शेळीला झोपेत साधत होतं. बनुबाईच्या सासूच्या काळापासून बन कुणी वाढवलं, आणि ते नेमकं कोणत्या वर्षापासून वाढायचं थांबलं, हे पंतांना तिथेच, वांग्यांच्या वाफ्यात उमगलं. बनाच्या वैरिणीला हाकलताना त्यांनी बनाची आईच हाकलली होती. लाजेने त्यांचे कान तापले.

संध्याकाळी ते ओढ्याकाठी गेले. बनुबाई वाडगं झाडत होती. लोटलेल्या लेंड्यांचा कमरेइतका ढीग एका कडेला होता आणि त्याच्या पायथ्याशी बाभळीची रोपं मेथीच्या भाजीसारखी दाट उगवली होती. तीन वर्षं पंत याच वाटेने जात-येत होते.

“बनुबाई, जरा तुमच्याकडे काम होतं,” पंत म्हणाले.

बनुबाईने खराटा थांबवला. “तुमच्याकडं? तीन वर्सं ‘तू’ हुते मी. लईच मोठं काम दिसतंय.”

पंतांनी सगळं सांगितलं. दसऱ्याचा शब्द, छगनशेठच्या मेखा, वांग्यांचा वाफा. काहीही लपवलं नाही. बनुबाई ऐकत होती, आणि तिच्या तोंडावर हसू होतं पण ते वाईट नव्हतं.

“हे माज्या सासूला ठावं हुतं, मला ठावं हाय, शेळीलाबी ठावं आसंल,” ती म्हणाली. “तुमी इचारलं असतं तर सांगितलं असतं. तुमी सांगतच ऱ्हायला.”

“चुकलं माझं.”

“ढीग न्या. सगळा न्या. शेळ्या माज्या, लेंड्याबी माज्या, मला त्याचं काय नगं. पन त्यो नेम खोडा.”

पंतांचा चेहरा उतरला. “खोडायला कशाला हवा? मी नवी वही लिहितो. त्यात ते कलमच घालत नाही.”

“नगं.” बनुबाईने खराटा जमिनीवर आपटला. “नवी वही लिवली तर माज्या शेळ्यांना कुनी हाकलून दिलं हुतं, ह्येच कुनाला कळायचं न्हाई. हाय त्याच वहीत खोडा. माज्या म्होरं. आनि तितंच माज्या शेळ्यांचं लिवा.”

वाचकाला वाटेल, यात काय मोठंसं? एक ओळ खोडायची. पण ज्या माणसाने एका कान्यासाठी सबंध पंगतीचं वरण गार केलं, त्याला विचारा. रात्रभर पंतांना झोप लागली नाही. ती लाल वही हे त्यांच्या आयुष्यातलं एकमेव स्वतःचं लिखाण होतं. बाकी सगळी दुसऱ्यांची अक्षरं उतरवण्यात गेली. सकाळी त्यांनी वही घेतली, दौत घेतली, टाक घेतला आणि कारखान्याच्या ओसरीवर काकासाहेबांसमोर बनुबाईला बोलावलं.

पंतांनी पहिलं पान उघडलं. टाक बुडवला. मग त्यांनी एक सरळ रेघ मारली आणि त्याच ओळीच्या वर, बारीक अक्षरात लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, “तोडणीस आलेल्या कुपांत उन्हाळ्यात बनुबाईच्या शेळ्यांनी शेंगा खाव्यात. त्यांच्या वाडग्यातील बीच पेरावे. नव्या कुपात मात्र पाच वर्षे शेळीने जाऊ नये.”

“पाच वर्सं कशाला?” बनुबाईने विचारलं.

“शेळीचं तोंड पोचणार नाही इतकी झाडं उंच होईपर्यंत.”

“ह्ये बराबर लिवलं,” बनुबाई म्हणाली. पंतांना आयुष्यात मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी. “आता माजा आंगठा घ्या.” तिने शाईत अंगठा बुडवला आणि खोडलेल्या ओळीच्या शेजारी असा दाबला की शाई समासाच्या पलीकडे फुटली. पंतांनी डोळे मिटून घेतले.

ढीग वाहायला कारखान्याच्या चार गाड्या लागल्या. गाड्या भरताना पंतांना एक शंका आली. “बनुबाई, बन तर तीन वर्षं बंद आहे. मग तुमच्या शेळ्यांना इतक्या शेंगा मिळाल्या कुठून?”

बनुबाईने कानिफनाथाकडे पाहिलं, कानिफनाथाने आभाळाकडे पाहिलं. तीन वर्षं राखणदाराच्या चहाला शेळीचं घट्ट दूध होतं आणि तीन वर्षं शेंगांची पोती फाटकातून बाहेर जात होती. म्हणजे पंतांचं कलम इतक्या इमानाने मोडलं गेलं म्हणूनच पंतांचं बन वाचायची आशा उरली होती. पंतांनी रागवायचं ठरवलं होतं, पण ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना चष्मा पुसावा लागला.

श्रावणात तिसऱ्या कुपात पुन्हा पेरणी झाली. यंदा बी चकचकीत नव्हतं आणि त्याला वासही होता. भाद्रपदात पाऊस चांगला झाला. पंत रोज जात, पण गवत मांडीएवढं वाढलं होतं. खाली काही आहे की नाही हे ते बघतच नसत. उभ्या उभ्या परत येत. त्यांना भीती वाटायची, हे मी स्पष्टच सांगतो.

दसऱ्याच्या सकाळी काकासाहेब अनवाणी आले. मागे छगनशेठ, पायांत करकरणारे नवे जोडे, सोबत झाडं मोजायला आणलेले दोन गडी. पंत, दमयंतीबाई, कानिफनाथ कुपाच्या बांधावर उभे. बनुबाई जरा लांब, शेळ्यांत. समोर वाऱ्यावर डोलणारं पिवळसर गवत, दहा एकर. त्याशिवाय काही दिसत नव्हतं.

“गवत झकास आलंय,” छगनशेठ म्हणाले.

काकासाहेब गवतात शिरले. पाच पावलं गेले, दहा गेले. पंतांनी नजर खाली घातली. इतक्यात, “आयाया!” काकासाहेबांनी डावा पाय उचलला. तोल सावरायला उजवा पुढे टाकला. “आय गं!” आता दोन्ही पाय उचलणं काही जमण्यासारखं नव्हतं, म्हणून ते खाली बसले, आणि बसले तसे त्याहून जोरात ओरडून उठले.

पंत धावले. गवत बाजूला केलं. खाली वीत वीत उंचीची बाभळीची रोपं, पावला-पावलावर, जिकडे बघावं तिकडे. बनुबाईने कमरेच्या चंचीतून काट्याचा चिमटा काढला आणि काकासाहेबांचा पाय मांडीवर घेऊन ती काटे काढायला बसली. काकासाहेब आधी कण्हले, मग हसायला लागले, आणि मग हसणं थांबेना.

“शेठ!” त्यांनी हाक मारली. “जोडे काढा आनि या बगायला.”

छगनशेठने गवताकडे पाहिलं, काकासाहेबांच्या पायाकडे पाहिलं, आणि ते आले नाहीत.

“मग मेखांचं दुसरीकडं बगा,” काकासाहेब म्हणाले. “हितं बाभूळ हाय. मी स्वता मोजली.”

पंत तिथेच गवतात उभे राहून रडले. दमयंतीबाईंनी त्यांना पदराने तोंड पुसू दिलं आणि त्या म्हणाल्या, “आता तरी घरी चला. आज वांगी गरम गरम खा.”

पुढच्या दोन वर्षांत पहिले दोन कूपही त्याच बियाण्याने भरून निघाले. लढाई संपली, स्वराज्य आलं, बन होतं तिथेच होतं. अठ्ठेचाळीसच्या दसऱ्याला पाच वर्षं भरली. तिसऱ्या कुपाचं फाटक पंतांनी स्वतः उघडलं आणि बनुबाईच्या शेळ्या आत सोडल्या. झाडं डोक्याच्या वर गेली होती. शेळ्या मागच्या पायांवर उभ्या राहिल्या तरी शेंड्याला तोंड पोचलं नाही, तेव्हा पंत योजनेतलं कलम मोठ्याने म्हणाले आणि बनुबाईने “ठावं हाय, ठावं हाय,” म्हणून हात उडवला.

एकोणपन्नास साली पंतांनी काम सोडलं. डोळे अधू झाले होते. त्यांच्या जागी सुमंत नावाचा नवा कारकून आला. हुशार होता, टापटिपीचा होता, आणि अक्षर पंतांच्या तोडीचं होतं. लाल वही हातात घेऊन त्याने पान अन् पान मन लावून वाचलं. मग अदबीने म्हणाला, “पंत, फार सुरेख लिहिलंय. फक्त पहिलंच पान तेवढं खराब झालंय. रेघ मारलीय, वर गिचमिड आणि हा शाईचा डाग. आपली परवानगी असेल तर सबंध वहीची स्वच्छ नक्कल करून ठेवतो. आपल्या हातचं काम खोडलेलं राहायला नको.”

पंतांनी वही त्याच्या हातातून घेतली. पहिलं पान काढलं. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून बोटाने चाचपलं. रेघ कुठे आहे ते त्यांना पाठ होतं, अंगठा कुठे आहे तेही.

“बाकीची एकतीस पानं हवी तर नकलून काढा,” ते म्हणाले. “हे पान असंच राहू द्या. स्वच्छ लिहिलंत तर मी शेळ्या हाकलल्या होत्या हे कुणाला कळणार नाही. मग पंधरा वर्षांनी माझ्यासारखाच कुणी तरी येईल आणि पुन्हा हाकलील.”

वही त्यांनी सुमंतच्या हातात दिली, छत्री घेतली आणि बनुबाईला भेटून यायला ओढ्याच्या वाटेने निघाले.